चुन्याच्या निवळीने व्हिनेगर मोजू या: आम्ल, आम्लारी आणि उदासिनीकरण घरच्या घरी

शाळेतल्या आम्ल-आम्लारीच्या धड्यातलं बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. निळा लिटमस आम्लात तांबडा होतो, आणि आम्ल अधिक आम्लारी म्हणजे क्षार आणि पाणी. दोन्ही बरोबर आहेत. पण समोरच्या बाटलीत आम्ल किती आहे हे विचारलं, तर या दोन वाक्यांचा काही उपयोग होत नाही. उदासिनीकरण ही मुळात हिशोबाची गोष्ट आहे आणि रंग बदलणं ही त्या हिशोबाची फक्त पावती. म्हणून या लेखात एकच प्रयोग नीट करू: स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल किती टक्के आहे ते शोधायचं. लागणारं सामान किराणा, पानपट्टी आणि औषधाच्या दुकानात मिळतं. नाजूक तराजू लागत नाही.

तराजू का लागत नाही, तर आपण मोजपट्टी म्हणून चुन्याची निवळी वापरणार आहोत. मीठ-साखर पाण्यात भरपूर विरघळते, चुना नाही. पंचवीस ते तीस अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम १.६ ग्रॅम विरघळलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, मावतो. एक चमचा टाका नाहीतर पाच, वरच्या नितळ पाण्यातला चुना तेवढाच राहतो, बाकीचा तळाशी बसतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ठरावीक तीव्रतेचं द्रावण करायला वजनकाटा आणि मोजफ्लास्क लागतात. इथे ते काम चुन्याच्या विद्राव्यतेनेच करून ठेवलेलं आहे.

आधी डोळे

पानाचा चुना रोजच्या बघण्यातला असल्यामुळे निरुपद्रवी वाटतो, आणि तिथेच घात होतो. त्याचा सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी) १२.४ च्या आसपास असतो. चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यांत चुना उडाल्याच्या घटना भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना चांगल्या परिचयाच्या आहेत. त्यातून बुबुळावर कायमचा पांढरा डाग पडू शकतो, दृष्टीही जाऊ शकते. म्हणून चष्मा नाहीतर गॉगल घालायचाच. निवळी तयार करायचं काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी पुढचा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीत करायचा. डोळ्यात थेंब उडालाच तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटं धुवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. 'आम्लारी गेली ना, मग वर लिंबू पिळू' असला शहाणपणा अजिबात नको. उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते, आणि शरीरावर प्रमाण मोजून टाकणं शक्यच नसतं. त्वचा असो की डोळा, फक्त पाणी.

कळीचा चुना घ्यायचा नाही. तो कॅल्शियम ऑक्साइड असतो. पाणी पडताच खदखदतो आणि उडतो. आपल्याला विझवलेला, पानाला लावायचा साधा पांढरा चुना हवा. आणखी एक सूचना, या प्रयोगाशी थेट संबंध नसली तरी: 'आम्ल-आम्लारी एकत्र करून बघू' म्हणत संडास साफ करायचं ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

सामान

पानाचा चुना, पांढरं व्हिनेगर, हळद, थोडं सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर. औषधाच्या दुकानातून सुईशिवाय दोन सिरिंज: एक ५ मिलिची, एक १० मिलिची. एक लिटरची झाकणाची प्लास्टिक बाटली, दोन-तीन काचेचे छोटे पेले, एक पांढरी बशी. सिरिंजवर चुकून गोंधळ होऊ नये म्हणून एकीवर 'आम्ल' आणि दुसरीवर 'चुना' अशी चिठ्ठी आधीच चिकटवा.

पाण्याबद्दल मात्र चोखंदळ राहायला हवं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच भागांत बोअरचं पाणी जड असतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. असं पाणी व्हिनेगरमध्ये घातलं की थोडं आम्ल पाणीच खाऊन टाकतं आणि उत्तर कमी येतं. चुन्यात घातलं तर पाणी दुधाळ होतं, कारण बायकार्बोनेट आणि चुना मिळून कॅल्शियम कार्बोनेटचा साका बनतो. आरओचं पाणी चालेल. त्याहून चांगलं म्हणजे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, गॅरेजच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते. डबा घेताना नुसतं पाणीच आहे ना, बॅटरीचं ॲसिड नाही ना, हे लेबलवर वाचून घ्या.

निवळी करणे

बाटलीत दोन चहाचे चमचे चुना घ्या, पाण्याने जवळजवळ गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावून दोनेक मिनिटं हलवा. चुना खाली बसू द्या आणि हे पहिलं पाणी हलक्या हाताने ओतून टाका. चुन्यात सहज विरघळणाऱ्या इतर आम्लारींचा अंश असलाच तर तो या पाण्याबरोबर जातो. त्या राहिल्या तर आपली '१.६ ग्रॅम' ही मोजपट्टीच खोटी ठरते. तळाशी उरलेल्या चुन्यावर पुन्हा बाटली भरून पाणी घ्या. दिवसभरात चार-पाच वेळा हलवा, मग रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर जे काचेसारखं पाणी दिसेल ती निवळी.

बाटली शक्यतो भरलेली आणि बंद ठेवायची. उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो आणि वर पातळ पांढरी पापडी धरते. पापडी धरली म्हणजे वरच्या थरातला चुना कमी झाला. पुन्हा हलवून रात्रभर ठेवलं की तळाचा साठा ती तूट भरून काढतो. तळाशी चुना दिसतोय तोवर निवळी भरवशाची.

तापमानाचा एक उलटा कारभार इथे लक्षात ठेवावा लागतो. बहुतेक घन पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, चुना मात्र कमी. उकळत्या पाण्यात तर निम्म्याहूनही कमी. त्यामुळे गरम पाण्यात 'चांगली कडक' निवळी होईल असं समजू नका. विदर्भातल्या मे महिन्यात, खोलीतच चाळीस अंश असताना, वर दिलेला आकडा दहाएक टक्क्यांनी उतरतो. तेव्हा हा प्रयोग सकाळी लवकर केलेला बरा.

हळद की जास्वंद?

रस्स्याचा डाग पडलेला रुमाल साबणाने धुतला की डाग लाल होतो, आणि खळखळून धुतला की परत पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात आणि उदासीन पाण्यात पिवळं राहतं, आम्लारीत तांबूस होतं. हळदीचं हेच वागणं आपल्याला वापरायचं आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाव चमचा हळद दोन चमचे स्पिरिटमध्ये ढवळून ठेवा, खाली गाळ बसू द्या आणि वरचा पिवळा रस तेवढा वापरा. हे काम गॅसपासून लांब करायचं, स्पिरिट पेट घेतं. बाजारच्या हळदीत रंग मिसळला असल्याची शंका असेल तर हळकुंड किसून घ्या.

जास्वंदीच्या लाल पाकळ्या कोमट पाण्यात चुरगाळून काढलेला रस जास्त देखणा दर्शक आहे. आम्लात तो गडद लाल-गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. ओळख पटवायला तोच बरा, कारण हळदीला आम्ल आणि साधं पाणी यांतला फरक कळत नाही, दोन्हीकडे पिवळंच. प्रयोगाआधी दहा मिनिटं काढून लिंबू, दह्याची निवळ, साबणाचं पाणी, खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी यांच्या चार-चार थेंबांवर दोन्ही दर्शक घालून बघा. खायच्या सोड्यावर हळद जेमतेम केशरी होते आणि धुण्याच्या सोड्यावर लालभडक, हा फरक मुद्दाम बघून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

मोजणीसाठी मात्र हळदच. त्याचं कारण थोडं पुढे.

प्रत्यक्ष मोजणी

व्हिनेगर जसंच्या तसं घेतलं तर निवळीच्या सिरिंजवर सिरिंज भराव्या लागतील, म्हणून आधी ते दहा पट विरल करायचं. 'आम्ल' सिरिंजने ५ मिलि व्हिनेगर पेल्यात घ्या. सिरिंज पाण्याने विसळा, त्याच सिरिंजने नऊ वेळा ५-५ मिलि पाणी घाला आणि ढवळा. पेल्यात आता ५० मिलि विरल व्हिनेगर झालं.

आता सिरिंज या विरल द्रावणानेच एकदा विसळून घ्या, आणि मग बरोबर ५ मिलि दुसऱ्या कोरड्या पेल्यात सोडा. सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला असेल तर टोक वर करून टिचकी मारा आणि तो घालवा. अर्ध्या मिलिचा बुडबुडा म्हणजे दहा टक्क्यांची चूक. पेल्यात आणखी वीसेक मिलि साधं पाणी घाला. हे पाणी मोजायची गरज नाही. ते रंग नीट दिसावा म्हणून आहे, त्याने आम्लाचे रेणू कमी-जास्त होत नाहीत. हळदीचा अर्क पाच-सहा थेंब. पेला पांढऱ्या बशीत ठेवा. शेजारी दुसऱ्या पेल्यात तेवढंच पाणी आणि तेवढीच हळद ठेवली तर रंगाची तुलना सोपी जाते, नाहीतर डोळा फसतो.

'चुना' सिरिंज निवळीने भरा. सिरिंजचं टोक बाटलीत मधल्या थरात राहू द्या, तळ ढवळला तर गढूळ चुना येईल आणि सगळा हिशोब वाया जाईल. १० वर दट्ट्या नेमका आणा आणि पेल्यात एकेक मिलि सोडायला लागा, दरवेळी पेला गोल फिरवत. सुरुवातीला थेंब पडतो तिथे तांबूस ढग दिसेल आणि फिरवताच नाहीसा होईल. तो ढग विरायला वेळ लागू लागला की हात आखडता घ्या; आता थेंबाथेंबाने. संपूर्ण पेल्याचा रंग पिवळ्यावरून केशरी-तांबूस झाला आणि अर्धा मिनिट तसाच राहिला, की थांबा. सिरिंजवरचा आकडा वाचा. १० मधून तो वजा केला की किती मिलि निवळी लागली ते कळतं.

अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबून शंका काढत बसू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, आणि कर्क्युमिन स्वतःही आम्लारीत टिकाऊ नाही, त्यामुळे रंग काही वेळाने फिका पडणारच. ते तुमचं चुकलं म्हणून नव्हे.

पहिली मोजणी कच्ची समजा. ती फक्त साधारण कुठे थांबायचं ते सांगते. त्यानंतर दोन-तीन वेळा करा. आकडे एकमेकांपासून ०.३ मिलिच्या आत आले तर सरासरी घ्या, नाही आले तर आणखी एकदा.

हिशोब

कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या एका कणात दोन हायड्रॉक्साइड असतात, म्हणजे तो ॲसिटिक आम्लाच्या दोन रेणूंना पुरतो. वजनात बोलायचं तर ३७ ग्रॅम चुना ६० ग्रॅम ॲसिटिक आम्लाला. आपल्या निवळीच्या एका मिलिमध्ये १.६ मिलिग्रॅम चुना आहे, म्हणून एक मिलि निवळी २.६ मिलिग्रॅम ॲसिटिक आम्ल संपवते. पेल्यात ५ मिलि विरल द्रावण होतं, म्हणजे मूळ व्हिनेगर अर्धाच मिलि. शंभर मिलिचा हिशोब करायला दोनशेने गुणायचं. सगळं एकत्र केलं की सूत्र एका ओळीत बसतं:

आम्लाची टक्केवारी = लागलेली निवळी (मिलि) × ०.५२

७.७ मिलि निवळी लागली तर व्हिनेगर ४ टक्क्यांचं. बाटलीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. सिरिंजने केलेल्या मोजणीत पाचेक टक्के इकडेतिकडे होणारच, म्हणजे ४ च्या जागी ३.८ किंवा ४.२ आलं तर समाधान मानावं. ५ आलं तर बाटलीवर संशय घेण्याआधी निवळी तपासा.

तपासायचं असं. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिडची भुकटी मिळते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १० ग्रॅम मोजून २ लिटर पाण्यात विरघळवा. यातलं ५ मिलि घेऊन वरचीच मोजणी करा, पण इथे आणखी विरल करायचं नाही. भुकटी निर्जल असेल तर ९ मिलिच्या आसपास निवळी लागते. स्फटिकात पाणी असलेली असेल तर सव्वाआठच्या आसपास. पुडीवर प्रकार लिहिलेला असतो. याहून बरीच जास्त निवळी लागली तर ती अशक्त आहे: पुन्हा हलवा, रात्रभर ठेवा.

सामू सातवर थांबायचं नाही का?

हा प्रश्न हुशार मुलं हमखास विचारतात, आणि पुस्तकं त्याला बगल देतात. त्यासाठी आधी तीव्र आणि सौम्य आम्ल म्हणजे काय ते बघावं लागेल.

स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडलं की असे पदार्थ पाण्यात विरघळताना विद्युतभारित आयनांत फुटतात. आम्लातून हायड्रोजन आयन सुटतो, आम्लारीतून हायड्रॉक्साइड, आणि दोघं भेटले की पाणी. प्रबंध विद्यापीठाने कसाबसा पास केला. १९०३ मध्ये त्याच कामाबद्दल त्याला नोबेल मिळालं. हायड्रोक्लोरिक आम्ल विरल द्रावणात जवळजवळ पूर्ण फुटतं, म्हणून ते तीव्र. चार टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये मात्र ॲसिटिक आम्लाच्या दर दोनशे रेणूंमागे एखादाच फुटलेला असतो, म्हणून ते सौम्य. तीव्र-सौम्य हे फुटण्याबद्दल आहे आणि संहत-विरल हे पाण्याबद्दल. या दोन जोड्यांची गल्लत शिक्षकही करतात.

सामू फक्त या क्षणी सुटे असलेले हायड्रोजन आयन मोजतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने १९०९ मध्ये ही मोजपट्टी आणली ती त्यासाठीच. अनुमापन, म्हणजे आपण केली ती मोजणी, आम्लाचा सगळा साठा मोजते. खिशातली रोकड आणि बँकेतली शिल्लक, इतका त्यांच्यात फरक आहे. चुन्याने सुटे आयन काढून घेतले की न फुटलेले रेणू फुटून ती जागा भरतात, आणि हे सगळा साठा संपेपर्यंत चालतं. म्हणून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १ आणि तेवढ्याच ॲसिटिक आम्लाचा २.९ असला, तरी दोघांना आम्लारी मात्र सारखीच लागते.

आता मूळ प्रश्न. साठा बरोबर संपतो तेव्हा पेल्यात उरतं कॅल्शियम ॲसिटेट. ॲसिटेट आयन पाण्याकडून थोडे हायड्रोजन परत ओढून घेतो, त्यामुळे द्रावण किंचित आम्लारिधर्मी होतं, सामू साडेआठच्या आसपास. 'उदासिनीकरण पूर्ण' म्हणजे 'सामू ७' हे समीकरण फक्त तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारीच्या जोडीला लागू पडतं. हळदीचा रंग साधारण ७.४ ते ८.६ या टप्प्यात पालटतो, आपल्याला हवा तिथेच. शाळेतलं मिथिल ऑरेंज ४.४ ला पिवळं होऊन मोकळं होतं. ते वापरलं असतं तर जेमतेम एक तृतीयांश आम्ल संपलेलं असताना थांबलो असतो. जास्वंदीचा लाल रंगही सातच्या बराच आधी उतरू लागतो. दर्शक निवडणं म्हणजे कुठे थांबायचं ते निवडणं.

खायचा सोडा का नाही वापरायचा, याचंही उत्तर इथेच आहे. त्याच्या द्रावणाचा स्वतःचाच सामू ८.३ च्या आसपास असतो, वर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे द्रावण आम्लधर्मी ठेवत राहतात. रंगाचा पालट ठसठशीत होतच नाही, केशरी-पिवळ्यात घोळत राहतो. ज्वालामुखी करायला सोडा छान, मोजायला नाही.

लिंबू, चिंच, कोकम

लिंबाचा रस फडक्यातून गाळून असाच दहा पट विरल करा. सूत्रातल्या ०.५२ च्या जागी सायट्रिक आम्लासाठी ०.५५ घ्यायचं. कागदी लिंबाला सहसा एक सिरिंज पुरत नाही, दुसरी भरावी लागते. पाच ते सात टक्के उत्तर आलं तर रास्त. द्रावण थोडं गढूळ झालं तर तो कॅल्शियम सायट्रेट, मोजणीला त्याचा त्रास नाही. चिंचेच्या टार्टारिक आम्लासाठी ०.६५, पण कोळाच्या तपकिरी रंगात हळदीचा पालट ओळखणं अवघड जातं, त्यासाठी पन्नास पट विरल करून गुणाकारही पाचपट करावा. कोकमाच्या आगळाला दर्शकच लागत नाही, त्याचा स्वतःचा लाल रंग चुना पडताच बदलतो. मात्र तो बदल टप्प्याटप्प्याने होत जातो, त्यामुळे आकडा अंदाजाचाच धरायचा.

दूध-दह्याच्या वाटेला या पद्धतीने जाऊ नका. दुधातले फॉस्फेट चुन्याबरोबर साका धरतात आणि हिशोब बिघडतो. डेअरीत आम्लता मोजतात ती याच तत्त्वावर, पण कॉस्टिक सोड्याचं विरल द्रावण आणि फिनॉल्फथॅलीन हा दर्शक वापरून.

प्रयोग संपला की उरलेल्या निवळीत उरलेलं विरल व्हिनेगर ओता, हळद पिवळी राहीपर्यंत, आणि भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. तळाचा चुना झाकण लावून ठेवला तर पुढच्या वेळी फक्त पाणी घालायचं. बाटलीवर 'चुना, पिऊ नये' असं ठळक लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. 'चुना' सिरिंज आधी थोड्या व्हिनेगरने आणि मग पाण्याने धुवायची, नुसत्या पाण्याने धुतली तर आत पांढरा थर धरून दट्ट्या अडकतो.